तुकोबांचा पूल

मार्गशीर्ष वद्य एकादशीस आमच्या सटाण्यास यशवंतराव महाराजांची यात्रा भरते. आरम नदीच्या कांठीं पाळणे लागतात, दुकानें मांडलीं जातात, आणि बागलाणांतला शेतकरी, मग तो कोणत्याहि जातीचा असो, एकदां तरी त्या देवळाची पायरी चढून येतो. हें देऊळ कोणा ऋषीचें किंवा अवताराचें नव्हे. तें एका मामलेदाराचें आहे. यशवंतराव महादेव भोसेकर हे इंग्रजी अमलांतील सरकारी नोकर. १८७०-७१ च्या दुष्काळांत ते सटाण्यास मामलेदार होते. घरचें होतें नव्हतें तें वांटून झालें तेव्हां त्यांनीं सरकारी खजिन्यास हात घातला, आणि १ लक्ष २७ हजार रुपये भुकेल्यांच्या पदरांत टाकले, असें सांगतात. पुढें चौकशीस अंमलदार आले तों खजिना जसाच्या तसा भरलेला निघाला, ही त्यापुढची कथा भाविकांची आहे. आमच्यासारख्यांस पहिला अर्धा भागच पुरेसा आहे. १८८७ सालीं ते नाशकास वारले. लोकांनीं त्यांस ‘देव मामलेदार’ म्हटलें तें आजतागायत.

मागें एकदां या यात्रेच्या सुमारास आमच्या वर्गांतला एक ख्रिस्ती विद्यार्थी तास संपल्यावर मागें रेंगाळला. त्याच्या घरीं कोणी एक प्रचारक येत असत. यात्रेंतला प्रसाद खाणें हें पाप आहे, आणि ज्यांनीं ख्रिस्ताचें नांव घेतलें नाहीं ते सारे अनंत अग्नींत जळत आहेत, असें त्या गृहस्थांनीं सांगितलें होतें. प्रसादाचें मुलाला फारसें वाटलें नव्हतें. तो म्हणाला, “सर, मग देव मामलेदारांचें काय? आणि माझ्या आजीचें?” आजी बाप्तिस्मा न घेतांच वारली होती, आणि हयात होती तोंवर दर वर्षीं यात्रेस जात होती. आम्ही इतिहास शिकवितों, धर्मशास्त्र नव्हे. शिवाय आम्ही जन्मानें ख्रिस्तीहि नव्हों. त्या दिवशीं त्यास धड उत्तर आम्हांस देतां आलें नाहीं. मात्र हा प्रश्न आमच्या प्रांतांत नवा नाहीं, तो शंभर-सव्वाशें वर्षांपूर्वीं येथें विचारला गेला आहे, आणि विचारणारीं माणसें सामान्य नव्हतीं, एवढें आम्हांस ठाऊक होतें. तीच हकीकत येथें सांगावयाची आहे.

मराठी ख्रिस्ती माणसांच्या इतिहासांत धर्मांतराची कथा वारंवार सांगितली जाते. कोणी घर सोडलें, कोणास जातीनें वाळींत टाकलें, कोणाच्या आईनें ऊर बडवून घेतला, हें सारें सविस्तर येतें. परंतु पहिलें घर सोडून ज्या दुसऱ्या घरांत ते गेले, त्या घराच्याहि भिंती होत्या, आणि कित्येकांस त्याहि ओलांडाव्या लागल्या. हें दुसरें उल्लंघन पहिल्यापेक्षां अवघड. कारण त्यांत वाजंत्री नसते, विरोधकांचा गलबला नसतो, आणि ज्यांनीं आसरा दिला त्यांनाच ‘येथें तुमचें चुकतें’ असें सांगावयाचें असतें.

नाशकास जाणाऱ्या बागलाणी माणसाला शरणपूर रस्ता माहीत असतो. नांवाचा अर्थ मात्र तो सहसा विचारीत नाहीं. चर्च मिशनरी सोसायटी या इंग्रज संस्थेनें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास नाशकाबाहेर ख्रिस्ती लोकांसाठीं एक वसाहत केली, तें हें शरणपूर. अरबांच्या गलबतांवरून सोडविलेलीं आफ्रिकन मुलेंहि येथें वाढलीं. त्यांपैकीं जेकब वेनराइट हा पुढें आफ्रिकेंत लिव्हिंग्स्टनच्या शोधार्थ गेला, आणि १८७४ सालीं त्या प्रवाशाच्या शवाबरोबर थेट लंडनला पोंचला. एका लहानशा वसाहतीच्या भाग्यांत केवढा हा फेरा! असो. शरण आलेल्यास भिंत लागते. जातीनें टाकलेला, विहिरीवर पाणी न मिळणारा माणूस ज्या वाड्यांत शिरतो, त्या वाड्याचा दरवाजा भक्कम असावा असें त्यालाच वाटतें. तेव्हां त्या काळच्या मिशनांची कडक शिकवण केवळ गोऱ्या पाद्र्यांच्या हट्टांतून आली असें म्हणणें अन्यायाचें होईल. तिची गरज आंतल्यांसहि होती.

नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांचें उदाहरण घ्यावें. काशींत वाढलेला हा चित्पावन पंडित १८४८ सालीं ख्रिस्ती झाला. ‘षड्दर्शनदर्पण’ लिहून त्यांनीं साही दर्शनांचें खंडन केलें. इतकी तीक्ष्ण बुद्धि. पण तिला उभें राहावयास खडक हवा होता, आणि तो शोधीत शोधीत ते अँग्लिकन पंथांतल्या अधिकाधिक कर्मठ बाजूकडे सरकत गेले. चर्चची परंपरा, संस्कार, बिशपांचा अधिकार यांच्याबाहेर त्यांस निर्धास्तपण लाभेना. १८९५ सालीं ते मुंबईस वारले. त्यांच्याविषयीं आम्हांस आदर आहे. तथापि ज्यानें एक शब्दप्रामाण्य टाकलें त्यानें दुसरें इतक्या उत्सुकतेनें उचलावें, याची हळहळहि वाटते.

याच गोऱ्ह्यांच्या पत्रांचा परिणाम पंडिता रमाबाईंच्या मनावर झाला. रमाबाई १८८३ सालीं इंग्लंडास गेल्या आणि त्याच वर्षीं २९ सप्टेंबरला वाँटेज येथील अँग्लिकन मठांत त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. त्या वेळीं त्यांचें वय पंचवीस, पति निवर्तलेले, पदरीं दोन वर्षांची मनोरमा. मठांतल्या सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या धर्ममाता. पुढें रमाबाई चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या कॉलेजांत शिकवूं व शिकूं लागल्या, आणि दोघींमध्यें जो पत्रव्यवहार झाला तो आज छापून उपलब्ध आहे. कोणत्याहि कादंबरीहून तो आम्हांस अधिक खिळवून ठेवतो.

वादाचे विषय वरवर पाहतां किरकोळ दिसतात. रमाबाई अंड्यांचें पक्वान्न खात नाहींत, हा सिस्टरांना अहंकार वाटे. गळ्यांतल्या क्रूसावर लॅटिन अक्षरें कशाला, संस्कृत कां नकोत, असें रमाबाई विचारीत. पण त्याखालीं जें होतें तें किरकोळ नव्हतें. अथेनेशसच्या नांवानें चालणाऱ्या मतपत्रिकेंत, हें सारें जो मानणार नाहीं त्याचा नाश होईल, असें बजावलेलें आहे. रमाबाईंनीं बायबल उघडून विचारलें कीं हें ख्रिस्तानें कोठें सांगितलें? त्रैक्याचें तत्त्व, ख्रिस्ताचा कुमारीजन्म, चर्चचा अधिकार, एकेक घेऊन त्या तपासूं लागल्या. मनोरमेला न समजणारीं मतें तोंडपाठ करवूं नयेत असें त्यांनीं कळविलें. सिस्टरांचें म्हणणें असें कीं श्रद्धेंत कालच जन्मलेल्या लेंकरानें आधीं आज्ञा पाळावी, अर्थ मग समजेल. यावर रमाबाईंचें उत्तर प्रसिद्ध आहे: हिंदुस्थानांतल्या पुरोहितांचें जूं मोठ्या सायासानें मानेवरून उतरविलें, आतां तसलेंच दुसरें, केवळ पाद्री म्हणतात म्हणून, मानेवर घेण्याचा आपला मुळींच विचार नाहीं.

एक गोष्ट मात्र नमूद केली पाहिजे. त्याच चेल्टनहॅममध्यें कॉलेजच्या मुख्य डॉरोथिया बील या स्वतः चर्चनिष्ठ असूनहि रमाबाईंच्या शंकांना शंका म्हणून वागवीत. त्या रागें भरत नसत, घाई करीत नसत. रमाबाईंनीं पुरुषांना शिकवावें कीं नाहीं या प्रश्नावर हिंदुस्थानांतले बिशप भुंवया चढवीत असतां, बीलबाई त्यांच्या बाजूनें लिहीत होत्या. चर्च हें एकच तोंड नव्हे, हें रमाबाई येथें शिकल्या असाव्यात.

पुढें १८८९ सालीं मुंबईस त्यांनीं शारदासदन काढलें. तें पुण्यास आलें. १८९३ सालीं रानडे, भांडारकर यांच्यासारखी मंडळी सल्लागार मंडळांतून बाहेर पडली. हा सारा इतिहास सर्वश्रुत आहे, त्याची पुनरुक्ति नको. रमाबाई कोणत्याहि एका पंथाच्या झाल्या नाहींत. केडगांवच्या मुक्तिसदनांत त्यांनीं दुष्काळांतल्या शेंकडों मुलींना जगविलें, ग्रीक आणि हिब्रू शिकून सबंध बायबल साध्या मराठींत उतरविलें. पण १९०५ च्या तेथील धर्मजागृतीनंतरच्या त्यांच्या लिखाणांत जुन्या धर्माविषयीं जी धार दिसते, ती वाँटेजच्या रमाबाईंत नव्हती. पुरोहिताचें जूं त्यांनीं पुन्हा घेतलें नाहीं हें खरें. परंतु भिंती स्वतःच्या हातानें कांहींशा उंच बांधल्या, असें आमचें मत आहे. तें कित्येकांस पटणार नाहीं.

आतां अहमदनगरकडे वळूं. तेथें १८३१ पासून अमेरिकन मिशनचें ठाणें होतें. रॉबर्ट ह्यूम हे तेथले मिशनरी. जन्म मुंबईचा, बापहि मिशनरी. १८८६ सालीं ते रजेवर अमेरिकेंत असतां अँडोव्हर येथील धर्मविद्यालयाच्या सभेंत बोलले. ज्यांच्या कानीं जिवंतपणीं ख्रिस्ताचें नांव पडलेंच नाहीं, त्यांना मृत्यूनंतरहि संधि मिळेल, असा विचार त्या विद्यालयांतील अध्यापक मांडीत होते. ह्यूम यांनीं सांगितलें कीं ही आशा मिशनरी कार्याला मारक नाहीं, उलट हिंदी माणसाशीं बोलतांना ती उपयोगी पडते. एवढ्यावर काहूर उठलें. बाहेरचे सारे नष्ट होणार नसतील तर मिशन चालवावयाचें कशाला, असा जुन्या मताच्या लोकांचा रोकडा सवाल होता. त्यांना परत हिंदुस्थानांत पाठवावें कीं नाहीं याचा काथ्याकूट महिनोन्‌महिने चालला, आणि अखेर १८८७ सालीं ते परतले. न्यू इंग्लंडांतल्या चर्चांत पेटलेला तो वाद म्हणजे, मूळ पाहिलें तर, आमच्या त्या विद्यार्थ्याच्या आजीचाच वाद होता. नगर-पुण्याच्या बाजूचीं असंख्य माणसें ह्यूमसाहेबांना हेंच विचारीत आलीं असतील: आमच्या वाडवडिलांचें काय?

अशा ह्यूम यांच्या नगरांत नारायण वामन टिळक येऊन राहिले, हा योग मोठा. टिळकांचा जन्म १८६१ सालचा, रत्नागिरी जिल्ह्यांतल्या करजगांवचा. बालपणाचा कांहीं भाग आणि संस्कृताचें शिक्षण आमच्याच नाशकाकडचें. १८९३ सालीं नागपूरहून राजनांदगांवास जातांना आगगाडींत एका अनोळखी युरोपियनानें त्यांच्या हातांत नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला.

प्रारंभीचे टिळक नव्या धर्मांतराचे सारे गुणदोष घेऊन आले होते. जुन्या देवांवर कोरडे ओढण्यांत त्यांनीं कसूर केली नाहीं. पुढें मात्र पालट झाला, तो ग्रंथ वाचून नव्हे तर, आम्हांस वाटतें, गाऊन. मिशनांतलीं गाणीं बहुतेक इंग्रजीवरून उतरविलेलीं, विलायती चालींवर बसविलेलीं. टिळकांना ख्रिस्ताविषयीं लिहावयाचें होतें. लिहूं लागले तों लेखणींतून अभंग आला. अभंग आला कीं त्याच्या मागोमाग तुकोबा येणारच. ज्या भाषेंत मनुष्य देवाला हांक मारतो ती भाषा त्यानें बनविलेली नसते. कोणी तरी आधीं रडून, भांडून, लाडीगोडी करून ती घडविलेली असते. टिळकांनीं मोकळेपणानें सांगितलें कीं आपण ख्रिस्ताच्या चरणांशीं आलों ते तुकोबांच्या पुलावरून. मग ज्या पुलानें पैलतीर गांठलें तो पूल नरकांत गेला, असें कोणत्या तोंडानें म्हणावें? कडक मताची भिंत येथें फुटली. ती कोणी तर्कानें पाडली नाहीं. ज्याच्या शब्दांनीं आपण प्रार्थना करतों त्यालाच शापित म्हणणें टिळकांच्या जिभेला जमेना, एवढेंच झालें.

येथें एक आक्षेप घेतला जातो आणि तो टाळतां येण्यासारखा नाहीं. टिळक ब्राह्मण होते. नगर जिल्ह्यांतले बहुसंख्य ख्रिस्ती महार-मांग समाजांतले. गांवच्या देवळाची पायरी ज्यांना कधीं चढूं दिली नाहीं, त्यांना जुन्या परंपरेचा कसला मोह असणार? त्यांच्या दृष्टीनें ‘मागचें सारें सोडा’ ही आज्ञा जाच नव्हती, ती सुटका होती. हें आम्हांस मान्य आहे. परंतु टिळकांचीं पदें सर्वांत अधिक गायिलीं तीं याच लोकांनीं, डफ-टाळ घेऊन, खेड्यापाड्यांतल्या प्रार्थनामंदिरांत. ‘उपासना-संगीत’ आजहि त्यांच्याच तोंडीं आहे. तुकोबा ब्राह्मणांचे नव्हतेच, हें त्यांना टिळकांहूनहि आधीं कळलें असेल.

मिशनच्या पालकत्वाशीं टिळकांचें पटेनासें झालें होतें. पगार घ्यावयाचा, आज्ञा मानावयाची आणि त्याला बंधुत्व म्हणावयाचें, हें त्यांना सोसेना. १९१७ सालीं त्यांनीं मिशनची नोकरी सोडली, संन्यासी वृत्ति पत्करली, आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. या दरबारांत बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाहि जागा होती. ख्रिस्ताला गुरु मानणें एवढी अट. चर्चच्या नियमांत वाढलेल्या माणसांना हें केवढें धाडस वाटलें असेल याची कल्पना करावी. दरबार फार दिवस चालला नाहीं. ९ मे १९१९ रोजीं टिळक मुंबईस वारले. आपलें दहन करावें, अशी त्यांची इच्छा होती, आणि तीप्रमाणें झालें; अस्थि नगरला पुरल्या.

टिळकांनीं ख्रिस्ताला सोडलें, असें कोणी समजूं नये. चर्चचा बाप्तिस्माहि त्यांनीं कधीं धिक्कारिला नाहीं. त्यांची ख्रिस्तभक्ति शेवटीं शेवटीं इतकी एकाग्र झाली होती कीं बाकीचें सारें त्यांना सैल धरतां आलें. गोऱ्ह्यांनीं घट्ट धरलें, कारण सुटेल अशी भीति होती. टिळकांना ती भीति उरली नाहीं.

तथापि या सर्वांत समतोल श्रद्धा कोणाची, असें आम्हांस विचाराल तर आम्ही लक्ष्मीबाईंचें नांव घेऊं. त्या नाशकाजवळच्या गोदाकांठच्या जलालपूरच्या, गोखल्यांच्या कन्या. सत्तावन्नच्या धामधुमींत घरच्या जवळच्या नातलगाला फांशी झाली, आणि त्या धक्क्यानें वडिलांना सोंवळ्याचें वेड लागलें. त्या घरांतल्या धुण्या-शिंपडण्याचें वर्णन ‘स्मृतिचित्रें’ या त्यांच्या आत्मचरित्रांत आहे. वाचतांना हसूं येतें, आणि मग हसलों याची लाज वाटते. ज्या मुलीनें नियमांचा असा कहर पाहिला तिला नियम म्हणजे काय हें निराळें शिकवावें लागलें नाहीं. नवरा ख्रिस्ती झाल्यावर चारपांच वर्षें त्या वेगळ्या राहिल्या, आपलें सोंवळें सांभाळीत. मग नगरला आल्या त्या सोंवळें बरोबर घेऊनच. टिळकांनीं निराळी चूल मान्य केली. एके रात्रीं लक्ष्मीबाईंच्या मनानें स्वतःच वाद घातला कीं जाती देवानें केल्या कीं माणसांनीं. आणि सकाळीं त्यांनीं जाहीर केलें कीं आपण कोणाच्याहि हातचें खाऊं. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. म्हणजे भिंत आधीं पडली आणि धर्म मागून आला. इतरांच्या चरित्रांत हा क्रम उलटा आहे.

म्हणूनच कीं काय, नव्या धर्मांत आल्यावर त्यांनीं जुन्याला एकहि शिवी दिली नाहीं. ‘स्मृतिचित्रें’चे भाग १९३४ ते १९३६ या काळांत निघाले. त्यांत सोंवळेकरी वडील आहेत, पाद्री आहेत, मडमा आहेत, पंढरपूरचे नातलग आहेत, आणि लेखिका सर्वांकडे एकाच मिस्कील दयेनें पाहते. कोण तरला, कोण बुडाला याचा हिशेब त्या पुस्तकांत नाहीं. धर्मशास्त्राचा एक शब्द न उच्चारतां हें पुस्तक अथेनेशसच्या मतपत्रिकेला जें उत्तर देतें, तें चेल्टनहॅमहून गेलेल्या लांबलचक पत्रांनाहि देतां आलें नाहीं.

दूरच्या जगानेंहि पुढें कांहीं पावलें टाकलीं. १९६४-६५ सालीं रोमच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें जाहीर केलें कीं आपल्या दोषाविना ज्यांना सुवार्ता कळली नाहीं, पण जे मनापासून देवाचा शोध घेतात, त्यांनाहि तारण लाभूं शकतें. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची २०२० सालच्या उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदीं निवड झाली, तेव्हां कांहीं मंडळींनीं भुंवया उंचावल्या; पण संतांच्या वचनांशीं त्यांचा परिचय कित्येक टीकाकारांपेक्षां अधिक होता. कडक मत मात्र नाहींसें झालेलें नाहीं; तें आमच्या विद्यार्थ्याच्या ओटीपर्यंत येऊन बसतें, हें आम्हीं पाहिलेंच.

त्या मुलास आम्हीं ‘स्मृतिचित्रें’ वाचावयास दिलें. वाडवडिलांच्या गतीविषयीं निर्णय देण्याचा आमचा अधिकार नव्हे, एवढें सांगून. परीक्षा जवळ आली तरी पुस्तक परत येईना. विचारलें तेव्हां कळलें कीं घरांत आई वाचीत आहे, आणि जलालपूरच्या वडिलांचा भाग तिनें शेजारणीला मोठ्यानें वाचून दाखविला.

लक्ष्मीबाई १९३६ सालच्या फेब्रुवारींत नाशकास वारल्या. टिळकांनीं ओवीबद्ध ‘ख्रिस्तायन’ आरंभिलें होतें आणि थोडे अध्याय होऊन तें अपुरें राहिलें होतें. उरलेले बहुतेक अध्याय या बाईंनीं लिहून काढले. शाळेंत त्या कधीं गेल्या नव्हत्या, आणि ओवी त्यांना जात्यावर आली होती. त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनीं, १९३८ सालीं, तो ग्रंथ छापून निघाला.